बांध कुठे आहे, हे कोण सांगणार?

भुईगावात आमच्या घरामागे सहा गुंठ्यांचा एक तुकडा आहे. त्याची हद्द आमची आत्या लहानपणापासून एकाच पद्धतीने सांगत आली आहे. उगवतीला बावखल, मावळतीला वाट, वरच्या अंगाला जोडताड आणि खालच्या अंगाला दगड. पुढे ताड वादळात पडले. बावखल निम्मे बुजले. वाट डांबरी झाली आणि रुंदावली. दगड मातीखाली गेला. चार खुणांपैकी एकही धड उरली नाही. तरी आत्याला विचारा, ती काठी टेकत जाईल आणि पायाने जागा दाखवील, "इथं आहे."

दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी मोजणीचा अर्ज केला. नोटीस आमच्या घरीही आली. महिनाअखेर होती, कचेरीत हिशेब जुळवायचे काम होते, रजा मिळण्यासारखी नव्हती. मी घरच्यांना म्हणालो, "आता यंत्राने मोजतात. यंत्र काय कोणाची बाजू घेते?" आणि सकाळची लोकल पकडून निघून गेलो. मोजणीदार आले, डोक्यावर गोल चकती असलेली काठी त्यांनी चार-सहा ठिकाणी उभी केली आणि तासाभरात गेले. पुढे नकाशाची क-प्रत पाहिली, तर हद्दीची रेघ आमच्या बाजूला चार फूट आत आली होती. ती थेट आमच्या न्हाणीतून जात होती.

चार फूट म्हणजे किती? आमच्या तुकड्याची ती बाजू सुमारे ८१ फूट आहे. हिशेब केला तर जवळजवळ पावणेपाच आणे जमीन. वसईच्या आजच्या भावात ही रक्कम लहान नाही. पण रकमेपेक्षा वाईट झाले ते वेगळेच. ज्या घरातून आमच्याकडे सणाला ताट येत होते, त्या घराशी बोलणे थांबले.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. वाचकहो, जमिनीच्या मोजणीची पद्धत आज मुळापासून बदलते आहे. आपल्या आज्या-पणज्यांची जमीन आणि आपल्या वस्तीतली घरे आता आकड्यांत लिहिली जात आहेत. हे आकडे काय आहेत, ते कुठून येतात आणि कायद्याचा त्यांच्याशी काय संबंध, हे प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे.

साखळी आणि टिपण

आपली जुनी मोजणी इंग्रज अमदानीतली. मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जी पद्धत बसवली, तीच पुढे इतर जिल्ह्यांत गेली. तिचा उद्देश शेतसारा ठरवणे हा होता. मालक कोण हे ठरवण्यासाठी ती मोजणी झालेलीच नव्हती. सारा कोणाकडून आणि किती घ्यायचा, एवढ्यापुरता तो हिशेब होता.

मोजण्याचे साधन होते शंकू साखळी. तिची लांबी ३३ फूट आणि तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आज सातबारावर हेक्टर आणि आर लिहितात. एक गुंठा म्हणजे १.०११७ आर. पण घरात वाटणीची गोष्ट निघाली की अजून गुंठा आणि आणाच तोंडात येतो.

शेताच्या मधून साखळीची एक सरळ रेघ टाकायची. त्या रेघेपासून डावी-उजवीकडच्या कोपऱ्यांपर्यंत काटकोनात अंतरे मोजायची आणि ती एका कागदावर आकृती काढून लिहायची. हा कागद म्हणजे टिपण. कोपऱ्यांवर दगड पुरायचे, बांध घालायचा. शेकडो टिपणे जोडून गावाचा नकाशा तयार व्हायचा.

या पद्धतीत प्रत्येक शेताची जागा शेजारच्या शेतावरून ठरत होती. तुमचा कोपरा कुठे? शेजाऱ्याच्या दगडापासून अमुक साखळ्यांवर. शेजाऱ्याचा दगड कुठे? त्याच्या शेजाऱ्यापासून तमुक साखळ्यांवर. सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे. त्यातला एक सरकला की बाकीच्यांनाही धक्का.

आणखी एक हिशेब पाहा. गावनकाशाचे प्रमाण एक इंचाला वीस साखळ्या, म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर ६६० फूट. नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ काढली, तर ती जमिनीवर जवळजवळ चार मीटर रुंद होते. एक खोली त्या रेघेत मावते! म्हणून केवळ गावनकाशावर पट्टी ठेवून कोणी तुमची हद्द सांगू लागला, तर त्याला टिपण मागा. अंतरे टिपणात आहेत.

आकाशातून येणारे आकडे

आता नवी पद्धत काय आहे? काठीवरची गोल चकती हे रोव्हर नावाचे यंत्र. ते उपग्रहांचे संकेत घेते आणि आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत ते अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांत सांगते. एकट्या उपग्रहावर विसंबले तर काही मीटरची चूक राहते. ती काढण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर कायमची केंद्रे उभारली आहेत. त्यांना कॉर्स म्हणतात. महाराष्ट्रात अशी सत्तरहून अधिक केंद्रे आहेत. केंद्राची जागा आधीच ठाऊक असल्याने ते उपग्रहांच्या संकेतातली चूक पकडते आणि रोव्हरला कळवते. मग उत्तर काही सेंटिमीटरपर्यंत अचूक येते.

याचा लाभ मोठा आहे. दगड उपटला, बांध नांगरला, पुरात खूण वाहून गेली, तरी आकडा कागदावर राहतो. त्या आकड्यावर जाऊन यंत्र पुन्हा उभे करा, कोपरा सापडतो. रात्रीतून बांध कोरणाऱ्याची दांडगाई त्यापुढे चालत नाही. ज्याच्यामागे माणसे नाहीत आणि पैसा नाही, त्याला या आकड्याचा आधार सर्वांत जास्त आहे.

पण एक गोष्ट विसरू नका. यंत्र 'मी कुठे उभे आहे' एवढेच सांगते. 'हद्द इथे आहे' हे यंत्राला ठाऊक नसते. काठी कुठे टेकवायची हे माणूस ठरवतो. चुकीच्या जागी टेकवली तर चुकीची जागा अगदी अचूक मोजली जाते. आमच्याकडे हेच झाले होते. जुना दगड सापडेना, म्हणून शेजाऱ्यांच्या कुंपणाची भिंतच आधार धरली गेली. भिंत आमच्या बाजूला सरकून बांधलेली होती, हे सांगायला आमच्यातले कोणी तिथे हजर नव्हते.

आकडाही बदलतो

आता जरा अवघड भाग आहे, पण तो समजून घेऊ. अक्षांश-रेखांश मोजायचे तर पृथ्वीचा आकार आधी धरावा लागतो, आणि मोजायला सुरुवात कुठून करायची तेही ठरवावे लागते. भारतात हे काम १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन यांनी सुरू केले. मोजत मोजत ते उत्तरेकडे सरकले आणि १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे माप धरले, त्यावर देशाचे नकाशे दीडशेहून अधिक वर्षे बेतले गेले. उपग्रहांचे माप वेगळे आहे. त्यामुळे एकाच जागेचे जुन्या आणि नव्या मापातले आकडे जुळत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर हा फरक शंभर मीटरच्या घरात जातो. म्हणून २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांच्या वापराचे नकाशे नव्या मापावर नेले.

त्यातच भर म्हणजे जमीनही स्थिर नाही. भारताचा भूखंड वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. वीस वर्षांत एक मीटर! मग बांध सरकला का? नाही. विरार लोकलच्या डब्यात चौथ्या सीटवर बसलेला माणूस शेजाऱ्याच्या मानाने जागचा हलत नाही, पण फलाटापासून दूर जात असतो. तसेच हे आहे. तुमचे शेत आणि शेजाऱ्याचे शेत एकाच डब्यात आहेत. म्हणून नुसता आकडा पुरत नाही. तो कोणत्या मापाचा आणि कोणत्या तारखेचा, हे बरोबर लिहिलेले असावे लागते.

इतर देशांना हा अनुभव येऊन गेला आहे. ऑस्ट्रेलियाचा भूखंड आपल्याहून वेगाने, वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर सरकतो. तिथे १९९४ चे आकडे धरून काम चालू होते. ते सोडून २०२० चे आकडे धरले, तेव्हा सुमारे १.८ मीटरचा, म्हणजे सहा फुटांचा फरक निघाला.

अमेरिकेत १९३० च्या दशकापासून प्रत्येक राज्याची स्वतःची आकड्यांची चौकट आहे, आणि बहुतेक राज्यांनी ती कायद्यात लिहून ठेवली आहे. आधी १९२७ चे माप होते, मग १९८३ चे आले आणि आता तेही बदलायचे काम चालू आहे. माप बदलायचे तर तिथे राज्याच्या विधिमंडळाला कायदा दुरुस्त करावा लागतो. अनेक राज्यांनी तो केला आहे. इतकेच काय, त्यांच्याकडे फूटही दोन होते, एक सर्वसाधारण आणि एक मोजणीचा. दोहोंत फरक दहा लाखांत दोन भागांचा, पण वीस लाख फुटांच्या आकड्यात तो चार फूट होतो. २०२२ च्या अखेरीस मोजणीचा जुना फूट तिथे मोडीत काढला.

तिथल्या न्यायालयांची एक जुनी रीत मात्र कायम आहे. मूळ पुरलेली खूण जागेवर सापडली, तर मान आधी खुणेला, मग आकड्याला. कारण लोकांनी खुणेवर विसंबून घरे बांधलेली असतात.

आपला कायदा

आपल्याकडे जमिनीची मोजणी आणि हद्द यांचा कायदा म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. हद्दीची खूण कशाला म्हणावे हे त्यात सांगितले आहे. मातीची किंवा दगडाची उभारणी, कुंपण, न नांगरलेला बांध, मोजणी अधिकाऱ्याने हद्द दाखवण्यासाठी ठरवलेली नैसर्गिक वा कृत्रिम वस्तू. ही सगळी डोळ्यांना दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या वस्तूंची यादी आहे. आपली आत्या जे बोलते, तेच कायदा बोलतो.

यंत्र पुढे गेले आहे, धोरणेही आली आहेत. डिसेंबर २०२२ चे राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण देशाच्या मोजमापाची चौकट नव्याने बांधायचे म्हणते. पण शेतकऱ्याला आणि घरमालकाला धोरणावर दाद मागता येत नाही, कायद्यावर मागता येते. म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. हद्दीचा आकडा कोणत्या मापाचा आणि कोणत्या तारखेचा, हे कायद्याने ठरवावे. दगड आणि आकडा जुळले नाहीत तर कोणाचे खरे, हे कायद्याने सांगावे. किती फरक चालेल त्याची मर्यादा छापलेली असावी. आणि आकडा कायम करण्याआधी दोन्ही बाजूंचे ऐकून घेणे बंधनकारक असावे. हे चार शब्द कायद्यात आले, तर चार फुटांसाठी कोर्टात घासलेल्या कितीतरी चपला वाचतील.

आपल्या वस्तीचे काय?

आता घरातल्या गोष्टीकडे येऊ. जुन्या गावनकाशात गावठाण हा बहुधा एक मोकळा ठिपका असतो. शेतांना नंबर, घरांना काही नाही. आणि आपला वाडा तर पुष्कळ गावांत त्या ठिपक्याच्याही बाहेर, गायरानाच्या कडेला. चार पिढ्या राहूनही कागदावर घर नाही. गायरानावरच्या भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये केला. पण निर्णय झाला म्हणजे जागा मोजून नकाशात आली असे नव्हे.

महार वतनाच्या जमिनींचीही हीच कथा. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून. आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमिनी पुन्हा नावावर मिळाल्या, पण शर्तीच्या. आजही सातबारावर त्या भोगवटादार वर्ग २ म्हणून दिसतात. वतन साऱ्या भावकीचे, वाटणी तोंडी, पोटहिस्सा मोजलेला नाही. अशा जमिनीचा कोपरा कोणी कधी आत घेतला, हे सिद्ध कशाने करणार?

म्हणूनच नवी मोजणी ही आपल्यासाठी संधी आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात आपल्या राज्याने गावठाणाची ड्रोनने मोजणी करून पाहिली. २४ एप्रिल २०२० पासून केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात आधी ग्रामसभा होते, मग प्रत्येकाच्या जागेच्या कडेने चुन्याची रेघ मारतात, मग वरून ड्रोन चित्र घेतो. त्यावरून नकाशा आणि मालमत्ता पत्रक तयार होते. शहरांसाठी अशीच 'नक्शा' नावाची योजना १८ फेब्रुवारी २०२५ रोजी देशातील १५२ शहरांत सुरू झाली. आज ना उद्या चुन्याचा डबा प्रत्येक वस्तीत येणार आहे.

चुन्याची रेघ मारताना जो हजर, त्याचे घर नकाशात. जो गैरहजर, त्याच्या वतीने शेजारी बोलतो. आणि एकदा आकडा कायम झाला की तो पुसणे दगड हलवण्यापेक्षा कठीण.

आतापासून काय करावे?

टिपण, फाळणी, आकारफोड आणि गावनकाशा यांच्या नकला भूमि अभिलेख कार्यालयातून काढून ठेवा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधीच्या कागदांवर जिल्हा ठाणे असेल, गोंधळू नका. सातबारा, घरपट्टी, वीजबिल, जुनी पावती, सगळे एका पिशवीत. मोजणीची नोटीस आली की रजा काढा. रोज बुडाला तरी चालेल. मोजणीदाराला शांतपणे विचारा: आधार कोणत्या खुणांचा धरला? जबाबावर सही करण्याआधी वाचा, पटले नाही तर तसे लिहून द्या. क-प्रत चुकली असे वाटल्यास निमताना मोजणी मागता येते.

आणि माताभगिनींना एक विनंती. रेघ मारायच्या दिवशी पुरुष कामावर असतात, घरी तुम्ही असता. हद्द तुम्हाला ठाऊक असते, कारण झाडलोट तुम्ही करता, पाणी तुम्ही ओतता. मागे उभ्या राहू नका, पुढे येऊन दाखवा. पत्रकावर पतीबरोबर आपलेही नाव लावून घ्या.

आम्हीही निमताना मोजणी मागितली. या वेळी मी रजा काढली, टिपणाची नक्कल बरोबर नेली. आलेल्या अधिकाऱ्यांनी आधी सर्व्हे नंबरच्या दोन टोकांचे जुने दगड शोधले. तिसरा मिळेना. तेव्हा आत्या काठी टेकत पुढे झाली आणि पायाने जागा दाखवली. हातभर खणले, पहारीला दगड लागला. त्यावर काठी उभी केली आणि टिपणातली साखळी आणि उपग्रहाचा आकडा अगदी थोड्या फरकाने जुळले.

रेघ आमच्या न्हाणीतून निघून गेली. पण पुरती नाही! न्हाणीची मागची भिंत आमच्याच वडिलांनी नऊ इंच पुढे बांधली होती. ती आम्ही पाडून मागे घेतली. शेजाऱ्यांनी कुंपण मागे घेतले. पुढच्या सणाला त्यांच्याकडून ताट आले, आणि ते रिकामे परत गेले नाही.

आता त्या कोपऱ्याचे आकडे आमच्या क-प्रतीवर आहेत. मी ते आत्याला वाचून दाखवले. तिने ऐकले आणि म्हणाली, "एवढे मोठे आकडे कोण लक्षात ठेवील? तिथे एक झाड लाव." आम्ही दगडाशेजारी ताड लावला आहे.

कागद जपा, खूण जपा आणि मोजणीच्या दिवशी हजर राहा.